माथेरानला चढायचं कसं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने केलेले भाषण)



गेल्या जानेवारीत आपल्या सोसायटीतले आम्ही अकरा ज्येष्ठ माथेरानला जाऊन आलो. त्यावर दहा मिनिटं बोला, असा सेक्रेटरींचा हुकूम आहे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, काळजी नसावी.

नागापूरहून पहाटे निघालो. एस.टी.ने पुणे, रेल्वेने कर्जत आणि तिथून लोकलने नेरळ. नेरळला मोठ्या गाडीच्या शेजारीच छोट्या गाडीचं स्टेशन आहे. आपल्या निंबळकवरून जाणारी मनमाडची गाडी साडेपाच फुटी रुळांवर धावते. इथे दोन रुळांत फक्त दोन फूट अंतर. लहान मुलांचं खेळणं वाटावं, आणि लोक तसंच समजतात.

पण ती गाडी खेळणं म्हणून बांधलेली नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढून गेले आणि मुंबईच्या साहेबांना, शेठजींना हे ठिकाण कळलं. वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये रेल्वेचं काम काढलं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. खर्च १६ लाख रुपये, त्या काळचे, आणि पैसा पीरभॉय घराण्याचा. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली, तेच हे.

हे प्रोजेक्ट माझ्या टेबलावर आलं असतं तर? पावसाळ्यात धंदा बंद, २० फुटांना १ फूट चढ, दरडींची भीती, उत्पन्न सगळं सुट्टीच्या हंगामावर. मी शेरा मारला असता, ‘शिफारस नाही’. आणि बँकेच्या हिशेबाने ते योग्यच होतं! तरी शंभराहून जास्त वर्षं झाली, गाडी आहे.

आहे म्हणजे, अधूनमधून आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा नुकसान, ते थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत. मी १९७९ मध्ये नवं लग्न झाल्यावर गेलो होतो तेव्हा वाफेचं इंजिन होतं. साडी धुराने कशी काळी झाली, हे आमच्या घरी अजून ऐकवलं जातं.

या वेळी नेरळला आमचा नंबर येईपर्यंत तिकिटं संपली. फेऱ्या मोजक्या, डबे छोटे. मग टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथून पुढे मोटार जात नाही, रुग्णवाहिका तेवढी जाते. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथली शांतता ऐकली आणि आपल्या मनमाड रोडवरचे ट्रक आठवले, जास्त काही बोलत नाही.

पण गुडघे दुखणाऱ्याने करायचं काय? जवळच अमन लॉज स्टेशनवरून गावात जाणारी शटल आहे, तिला लांब रांग. आमच्यातल्या एका वहिनींचे दोन्ही गुडघे बदललेले. उभं राहवेना, आणि घोड्यावर बसणं तर शक्यच नाही. तेवढ्यात एक हातरिक्षावाला आला. पन्नाशी उलटलेला.

वहिनी म्हणाल्या, “नको रे बाबा, माझ्यापेक्षा तूच दमलेला दिसतोस.”

तो म्हणाला, “आजी, तुम्ही नाही बसलात म्हणून मी काय घरी जाऊन झोपणार आहे का? दुसरी सवारी शोधणार.”

वहिनी बसल्या. लाल मातीचा चढउताराचा रस्ता, एक जण पुढून ओढतोय, दोघं मागून ढकलताहेत. चढावर त्या उतरते म्हणाल्या, त्यांनी उतरू दिलं नाही. हॉटेलवर पोहोचून चहा होईपर्यंत वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत.

रात्री आमच्यात यावर चांगलाच वाद झाला. निम्मे म्हणाले, हे बंदच व्हायला पाहिजे. निम्मे म्हणाले, मग त्यांनी खायचं काय? दोन्ही बाजू खऱ्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा खऱ्या ओढणाऱ्यांनाच द्या, असं सांगितलं. यातला ‘खऱ्या’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. १९७२ पासून बँकांत डीआरआय म्हणून ४ टक्के व्याजाची योजना होती. सायकलरिक्षा, हातगाडी, शिलाई मशीन अशांसाठी मी स्वतः कर्जं दिली. माझा अनुभव असा, की जो चालवतो त्याच्याच नावावर रिक्षा असली तर हप्ता येतो. कागदावर एक आणि मालक दुसराच असला, की राबणारा तसाच राहतो आणि कर्जही बुडतं.

माथेरानच्याच एका माणसाला हे आमच्या कितीतरी आधी कळलं होतं. भाई कोतवाल, जन्म १९१२, शिकून वकील झाले. सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याची बँक काढली. स्वातंत्र्यलढ्यात विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. पर्यटकांना सगळे पॉइंट पाठ असतात, हे नाव माहीत नसतं. शार्लोट लेक बघताना मी आमच्या मंडळींना ते सांगितलं. दोघं-तिघं माकडांकडे बघत होते, पण बाकीच्यांनी ऐकलं.

परतताना मात्र नेरळपर्यंतची तिकिटं मिळाली. वहिनींना खिडकी दिली. गाडी वळणावर एवढी हळू, की चालणाऱ्याशी गप्पा माराव्यात. मार्गावर एकच बोगदा, त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. तेवढ्यात जेमतेम एकच मुका घेऊन होतो म्हणून! यावर आमच्या डब्यात काय विनोद झाले ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाहीत.

पुढची सहल दिवाळीनंतरच ठेवा. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, अमन लॉजची शटल तेवढी चालते. नेरळला खिडकी उघडण्याआधी रांगेत उभं राहायला दोन तरुण सभासद लागतील. नावं सेक्रेटरींकडे द्यावीत. वहिनींनी त्यांचं नाव सगळ्यांत आधी दिलंय, पण गाडीचं तिकीट मिळणार असेल तरच, या अटीवर.