लिहिलेले बोलणे

दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची जुळवाजुळव हल्ली मोबाइलवर लिहून होते. ‘निघालोय हो, पोचतोच,’ असे एखादे गृहस्थ लिहितात. पत्रात त्यांनीच ‘मी निघालो आहे’ असे लिहिले असते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 सालच्या लेखननियमांनी ‘असं’, ‘केलं’ ही रूपे पात्रांच्या संवादांपुरती ठेवली होती. आता लिहिणारा स्वतःच पात्र झाला आहे! आवाज मात्र अक्षरांत उतरत नाही. नागपूरच्या मावशीला मी घाईत नुसते ‘बरं’ लिहून पाठविले, तर ती दोन दिवस रुसली. समोर असतो, तर त्याच शब्दावर हसली असती. श्रोतेहो, आम्हां आकाशवाणीवर बोलणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी. कागद समोर असतो, पण तो वाचतो आहोत हे तुम्हांला कळता कामा नये.