कोणाच्या हाताखाली शिकणार?



आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण आता मुंबईची वाट धराल. कोणी लोअर परळला, कोणी बीकेसीला, कोणी फोर्टात, मोठ्या फर्ममध्ये असोसिएट म्हणून रुजू व्हाल. पहिल्याच वर्षी पंधरा-वीस लाखांच्या घरात पैसे हाती येतील. तुमचेच काही वर्गमित्र जिल्हा न्यायालयात ज्युनियर म्हणून उभे राहतील. त्यांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्या, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाला २०२४ साली परिपत्रक काढून सुचवावं लागलं. तेवढेही सगळ्यांना मिळत नाहीत. तेव्हा फर्ममध्ये गेलेल्या मुलाने तक्रारीचा सूर काढला की घरचे विचारणारच, एवढं मिळतंय, मग कमी काय आहे?

कमी काय आहे ते मी जवळून पाहिलंय. मी मुंबईतल्या फर्ममध्ये असोसिएट होते, पुढे पार्टनर झाले. वर्गात पहिली-दुसरी आलेली मुलं उत्साहाने येतात आणि तीन-चार वर्षांत निघून जातात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. लोक म्हणतात, कामाचे तास फार असतात. तास फार असतात हे खरंच आहे, पण तेवढ्याने माणूस तुटत नाही. परीक्षेच्या आधी तुम्हीही रात्ररात्र जागलात आणि त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही.

एक उदाहरण सांगते. भिवंडीजवळच्या गोदामांची जमीन एका गुंतवणूकदाराला घ्यायची होती. ड्यू डिलिजन्सचं, म्हणजे खरेदीआधी कागदपत्रं तपासण्याचं काम, डेटा रूममध्ये शेकडो सातबारे आणि फेरफार, बरेचसे तिरके स्कॅन केलेले, काही हाताने लिहिलेले. टीममध्ये उत्तम इंग्रजी लिहिणारी मुलं होती, पण तलाठ्याचं अक्षर लावता येणारी एकच होती, लातूरकडची, पहिल्याच वर्षातली. रात्री साडेअकराच्या सुमाराला तिला एका सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात ओळ सापडली: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली. ती पुढे विकताना कलेक्टरची परवानगी घेतली होती का, नजराणा भरला होता का, याचा एकही कागद त्या ढिगात नव्हता. तिने मागचे फेरफार काढले, एकाला एक जोडत गेली आणि पहाटेपर्यंत दोन पानांची टिपणी तयार केली. अशी टिपणी लिहिता यावी म्हणूनच आपण कायदा शिकतो.

ती टिपणी अहवालात गेली. तिचं काय झालं, समोरच्या बाजूने काय उत्तर दिलं, किंमत कमी झाली की करारात हमी घेतली, हे तिला कोणी सांगितलं नाही. चर्चेच्या कॉलवर तिला बसवलं नाही. तोवर तिच्यासमोर दुसरी डेटा रूम उघडली गेली होती. व्यवहार पूर्ण झाल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं. वर्षभरात तिने फर्म सोडली. जाताना मला म्हणाली, ‘मॅडम, मी केलेलं काम पुढे कुठे गेलं तेच मला कधी कळलं नाही.’

तिने कामाच्या तासांबद्दल एक शब्द काढला नाही, पैशांबद्दलही नाही.

ज्युनियरला असं अंधारात ठेवणं ही पूर्वीची रीत नव्हती. मुंबईत वकिलीची कचेरी ही जुनी गोष्ट आहे. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. सॉलिसिटर व्हायचं तर एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची, मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची, अशी रीत. त्यात पिळवणूक होतीच, आणि ओळखीपाळखीशिवाय आत शिरणंही सोपं नव्हतं. पण आर्टिकल क्लार्कला पक्षकार आत आल्यापासून दस्त नोंदणीला जाईपर्यंत सगळं प्रकरण डोळ्यांसमोर दिसायचं. १९९१ नंतर परकी भांडवल आलं, सेबीचा कायदा आला, पुढे २०१३ चा कंपनी कायदा, २०१६ ची दिवाळखोरी संहिता. प्रत्येक कायद्याने फर्मना काम दिलं आणि फर्म फुगत गेल्या. अमरचंद मंगलदास ही १९१७ ची फर्म २०१५ मध्ये दुभंगली, तरी तिच्यातून निघालेल्या दोन्ही फर्ममध्ये आज शेकडो वकील आहेत. एवढ्या पसाऱ्यात कामाचे तुकडे होतात. एक जण फक्त व्याख्यांचं कलम तपासतो, दुसरा फक्त परिशिष्टं लावतो. व्यवहार कशासाठी चाललाय हे वरच्या दोघा-तिघांना माहीत असतं.

हिशेब मात्र प्रत्येकाच्या मिनिटांचा होतो. तुम्ही टाइमशीट भराल, सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत. ही पद्धत वकिलांमध्ये रुजवण्यात रेजिनल्ड हेबर स्मिथ या अमेरिकन वकिलाचा मोठा वाटा आहे. फर्ममध्ये जाण्याआधी तो बोस्टनच्या लीगल एड सोसायटीचा प्रमुख होता, आणि गरिबांना न्याय का मिळत नाही यावर त्याने १९१९ मध्ये ग्रंथ लिहिला. वेळेची नोंद हे त्याच्या लेखी कचेरीचा कारभार नीट चालवण्याचं साधन होतं. आज ती माणसाची किंमत ठरवते. ज्युनियरला अर्धा तास समजावून सांगितलं तर तो अर्धा तास कोणत्या क्लायंटच्या खात्यावर टाकायचा? कोणाच्याच नाही. म्हणून तो अर्धा तास दिलाच जात नाही. मुलं फर्म का सोडतात, याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

अमेरिकेतच लॉरेन्स क्रीगर आणि केनन शेल्डन या संशोधकांनी चार राज्यांतल्या सहा हजारांहून अधिक वकिलांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळकत, कॉलेजातला नंबर, पार्टनर होणं, यांचा समाधानाशी संबंध अगदी क्षीण निघाला. कामात आपलं काही चालतं का, काम आपल्याला नीट जमतंय का, माणसांशी नातं आहे का, यांचा संबंध घट्ट होता. वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांशी कसा वागतो, यानेही मोठा फरक पडत होता. कमी पैशांत लोकसेवेचं काम करणारे वकील फर्मवाल्यांपेक्षा अधिक समाधानी होते. भिवंडीच्या त्या सातबाऱ्यानंतर मला यात आश्चर्य वाटलं नाही.

आता थोडं व्यवहाराचं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. त्यामुळे फर्ममध्ये तुमचा पगार कागदावर पगार नसेल. टीडीएस कापलेली व्यावसायिक फी असेल. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी बहुधा नसेल. वकिलाची कचेरी केरळच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच म्हटलं आहे. थोडक्यात, तुमच्या रजा, प्रसूतीची रजा, आजारपण, नोटिशीचा काळ, हे सगळं करारात काय लिहिलंय आणि वरचा माणूस कसा आहे यावर अवलंबून राहील. दुसऱ्यांचे करार वाचण्यात तुमचं आयुष्य जाणार आहे. पहिला करार स्वतःचा वाचा. मुलींनो, प्रसूतीच्या रजेबद्दल विचारायला संकोच करू नका. आणि मुलाखतीत तुमची पाळी आली की विचारा: माझा ड्राफ्ट कोण वाचेल? तो माझ्याशी बोलेल का? त्याच्या टीममधली मुलं किती वर्षं टिकली? जिथे या प्रश्नांचा राग येतो, तिथे दोन लाख जास्त मिळत असले तरी जाऊ नका.

शिक्षणाचं कर्ज असेल, घरी जबाबदारी असेल, तर मोठ्या फर्ममध्ये जरूर जा. त्यात कमीपणा काहीच नाही, तिथे उत्तम काम शिकता येतं. फक्त तुमच्या हातातल्या तुकड्याचं पुढे काय होतं हे विचारत राहा. कॉलवर बसू द्या, मी बोलणार नाही, फक्त ऐकेन, असं म्हणा. मला असं म्हणणाऱ्या मुलांना मी कधी नाही म्हटलं नाही, आणि माझ्या ओळखीचे चांगले पार्टनरही म्हणत नाहीत.

पालकांनाही एक विनंती. तिसऱ्या वर्षी मुलीचा फोन आला, मी फर्म सोडतेय, जिल्ह्यात किंवा लीगल एडमध्ये काम करेन म्हणाली, तर लोक काय म्हणतील हे आधी मनात आणू नका. ती का सोडतेय ते ऐकून घ्या.

आणि तुम्हाला शेवटचं सांगणं. चार-पाच वर्षांत तुम्ही सीनियर असोसिएट व्हाल. रात्री दहा वाजता कोणीतरी नवखा तुम्हाला ड्राफ्ट पाठवेल. तो लाल रेघांनी भरून मेलवर परत टाकू नका. त्याला समोर बसवा, दहा मिनिटं काढा, ही ओळ का खोडली ते सांगा, आणि व्यवहार पूर्ण झाला की त्याच्या कलमाचं काय झालं तेही सांगा. ती दहा मिनिटं कोणत्याही टाइमशीटमध्ये बसणार नाहीत. तरीही द्या.