दोन अँपिअरचा झटका

रात्री शेताची वीज आली की घरबसल्या मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू करायची, ही सोय आता पुष्कळांकडे आहे. त्यासाठी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत टपालाच्या तिकिटाएवढं एक मॉड्यूल असतं, त्यालाच सिमकार्ड जोडलेलं असतं. हौसेनं स्वतः पेटी बनवणारे बहुधा स्वस्तातलं, टूजीचं ‘सिम ८०० एल’ आणतात. आणि मग हमखास ऐकू येतं, “दिवाच लागत नाही, मॉड्यूल जळालं!”

जळालेलं ते क्वचितच असतं. त्याला लागतात ३.४ ते ४.४ व्होल्ट. हाताशी असतो ५ व्होल्टचा चार्जर, नाहीतर अर्डुइनो बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन. एक जास्त, दुसरी कमी. शिवाय त्या पिनमधून जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात.

बरं, ४ व्होल्ट मोजून दिले, तरी लागत नाही. का? जुना मोबाइल रेडिओशेजारी ठेवला की फोन येण्याआधी टर्र-टर्र आवाज यायचा, आठवतंय? तसंच हे टूजीचं मॉड्यूलही सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ झटके मारतं, आणि प्रत्येक झटक्याला २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. तुमच्या बारीक, लांब तारांचा रोध अर्धा ओहम असला, तरी तेवढ्यापुरते ४ चे ३ व्होल्ट होतात आणि मॉड्यूल बंद पडतं. मल्टिमीटर बिचारा सरासरी दाखवतो, त्याला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून तारा आखूड आणि जाड घ्या, मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तरी शंका राहिली तर चार्ज केलेला चांगला लिथियम सेल थेट जोडून बघा. त्यावर चाललं, तर दोष पॉवर सप्लायचा.

फोरजीच्या मॉड्यूलची तऱ्हा निराळी. ‘क्वेक्टेल ईसी २५’ घ्या. नुसती वीज देऊन ते उठत नाही. पॉवर-की नावाची पिन अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त वेळ ग्राउंडला जोडून सोडावी लागते. मग त्याच्या व्हीडीडी-एक्स्ट पिनवर १.८ व्होल्ट आले, तर मॉड्यूल चालू आहे, दिवा लागो न लागो. ते आलेच नाहीत, तर मॉड्यूल आणि दुसरा बोर्ड जोडणाऱ्या सिरियलच्या तारा काढून पुन्हा प्रयत्न करा. मॉड्यूल बंद असताना त्या बोर्डाकडून या तारांतून चोरवीज शिरते आणि ते धड बंदही नसतं, धड चालूही नसतं. हा दोष शोधताना भलेभले थकतात.

आणि ‘सिम ८०० एल’चा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर ते चालू आहे, फक्त नेटवर्क शोधतंय. नेटवर्क सापडलं की लुकलुक तीन सेकंदांवर जाते. जिओचं सिम घातलंत तर ती तीन सेकंदांवर कधीच जाणार नाही. जिओकडे टूजी नाहीच.