नाण्याची किंमत आणि नाण्याची साक्ष

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राचीन रोमची दुर्मिळ नाणी आणि त्यांचा लिलाव, हा विषय काहींना आपल्यापासून फार दूरचा वाटेल. महिनाअखेरीस हिशेब जुळवताना ज्यांच्या नाकी नऊ येतात, त्यांना कोट्यवधींच्या बोलीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर दुसऱ्याचा पैसा मोजतो. पैसा हातात आला की दोनच प्रश्न आमच्यापुढे उभे राहतात. हा खरा आहे का? आणि हा कुणाचा आहे? लिलावातल्या नाण्यालाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा मात्र पुष्कळ जण गिळून टाकतात.

प्रथम एक उदाहरण पाहू. रोमन लोकांचे चांदीचे नाणे म्हणजे डेनारियस आणि सोन्याचे म्हणजे ऑरियस. पंचवीस डेनारियसचा एक ऑरियस. इ. स. पूर्व ४४ मध्ये १५ मार्च रोजी ज्युलियस सीझरचा खून झाला. त्या कटातील प्रमुख ब्रुटस याने दोन वर्षांनी, सैन्याचा पगार भागवण्याच्या काळात, एक नाणे पाडले. एका बाजूस त्याचा स्वतःचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्यामध्ये एक टोपी आणि खाली खुनाची तारीख! ही टोपी कोणती? मुक्त केलेल्या गुलामाच्या डोक्यावर घालत ती. स्वातंत्र्याची खूण म्हणून ब्रुटसने ती घेतली. पण मित्रांनो, ते स्वातंत्र्य सरदारांचे होते. गुलामाची टोपी नाण्यावर चढली, गुलाम मात्र गुलामच राहिला. इतिहास वाचताना ही तफावत आपल्यासारख्यांच्या नजरेतून सुटू नये.

या नाण्याचे सोन्यातील नमुने जगात तीनच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात आले. शेवटची बोली २७ लाख पौंडांची झाली. तीवर लिलाव कंपनीचे वीस टक्के कमिशन धरता एकूण ३२ लाख ४० हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३१ कोटी रुपये! प्राचीन नाण्यासाठी तो त्या वेळचा जागतिक उच्चांक ठरला. नाणे अस्सल असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिलेला होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे काय झाले? नाणे एका जुन्या खाजगी संग्रहातून आले, असे सूचीत छापले होते. ते खोटे निघाले. २०२३ च्या आरंभी त्या लिलाव कंपनीच्या संचालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि मार्च २०२३ मध्ये ते नाणे ग्रीस देशाला परत करण्यात आले. आमच्या भाषेत सांगायचे तर चेकचा कागद खरा होता, मागची सही बनावट होती. असा चेक आम्ही वटवत नाही. मग कोट्यवधींची बोली लावणाऱ्याने तो का वटवावा?

आता लिलावाची रीत थोडक्यात सांगतो. आधी सूची निघते. तीत नाण्याचे चित्र, वजन, अवस्था आणि अंदाजे किंमत असते. बोली चढत जाते आणि हातोडा पडला की सौदा पक्का. पण हातोड्याची किंमत ही शेवटची किंमत नव्हे. कमिशन, कर, टपाल आणि विमा वेगळा. म्हणून जाणकार मनुष्य आपला आकडा घरीच कागदावर लिहून ठेवतो आणि चढाओढीच्या भरात तो ओलांडत नाही.

बनावट नाण्यांचा धंदाही जुना आहे. जर्मनीतील बेकर नावाचा कारागीर (१७७२–१८३०) प्राचीन नाण्यांचे हुबेहूब ठसे कोरीत असे. नवी नाणी जुनाट दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाबरोबर डब्यात घालून घोडागाडीला बांधी आणि फिरवून आणी, असे सांगतात. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक छिद्रे आणि कडेला सांध्याची रेघ दिसते. दोन नाण्यांवर अगदी तोच ओरखडा त्याच जागी असेल तर ती एकाच साच्यातली समजावीत. वजन तर पहिल्याने पाहावे.

परंतु नाणे खरे असून भागत नाही. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. रोमन व्यापारी मिरी आणि कापडासाठी सोने-चांदी घेऊन येत. हिंदुस्थानकडे जाणाऱ्या पैशाबद्दल प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार लिहून ठेवली आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली. त्यांतील बहुतेकांवर, नेमकी सम्राटाच्या मुखवट्यावर, छिन्नीने चीर मारलेली होती. ही नाणी चलनातून काढण्यासाठी कोणीतरी जाणूनबुजून चिरली, असे अभ्यासकांचे मत आहे.

आता विचार करा. यातले एकच नाणे लिलावात आले असते, तर 'खराब नाणे' म्हणून कमी बोलीत गेले असते. पण पाचशे नाणी एका जागी, नोंदीसह मिळाली, म्हणून ती चीर हा पुरावा ठरली. जागा हरवली की साक्ष हरवते. चोरून उकरलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर इतिहासाचे असे एक पान कायमचे फाटते, आणि ज्यांचा इतिहास कमी लिहिला गेला त्यांना तर जमिनीतला पुरावाच आधार असतो.

विद्यार्थी मित्रांनो, छंद जरूर जोपासा. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील तांब्याची लहान नाणी विपुल आहेत आणि ती फारशी महागही नाहीत. मात्र आधी कागद मागा. नाणे आधी कुणाकडे होते, केव्हापासून होते, कोणत्या जुन्या सूचीत छापले गेले? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला, म्हणून त्याआधीची नोंद असलेले नाणे अधिक भरवशाचे मानतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. ते परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. शेतात वा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन मिळाले, तर १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गावाकडे कुणाला हंडा सापडला, तर सोनाराकडे धावू नका, हे घरी जाऊन सांगा.

लिलावात हातोडा किंमत ठरवतो. मोल ठरते ते नाण्याच्या साक्षीने, आणि ती साक्ष राखणे आपल्यासारख्या सामान्य माणसाच्याही हाती आहे. 

जयभीम!