पाळणाघरातील मुले आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि भाषणाची सवय मुळीच नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज पाळणाघरात असता, तिथे जे करता तेवढेच सांगा." तेवढे सांगणे मला जमेल असे वाटले, म्हणून आपल्यापुढे उभी आहे. जे सांगणार आहे त्यातले बरेचसे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून आणि अंगणवाडीच्या ताईंकडून शिकलेले आहे, आणि थोडेसे मुलांनीच शिकविलेले.

प्रथम एका बोलण्याचा परामर्श घेते. "आई घरी असती तर लेकरू परक्याच्या हाती कशाला गेले असते," असे अजूनही आपल्या पेठेत कानावर येते. भगिनींनो, पूर्वी वाड्यात तरी मूल एकट्या आईच्या हाती कधी होते? आजी न्हाऊ घालायची, आत्या खेळवायची, शेजारची काकू भरवायची. आता वाडे गेले, दोन खोल्यांचे संसार आले, आणि कुणी शिवणाच्या कारखान्यात, कुणी दवाखान्यात, कुणी दुकानात कामाला जाते. मूल कुणीतरी सांभाळायलाच हवे, ही गोष्ट सरकारनेही फार पूर्वी मानली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने, पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे मालकाला बंधनकारक केले. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, आणि मुलांच्या अंगणातच जाऊन बालवाडी भरविण्याची रीत घातली. तेव्हा पाळणाघर म्हणजे काही नवे खूळ नव्हे.

मात्र वाडा आणि पाळणाघर यांत एक फरक आहे, तो विसरून चालणार नाही. वाड्यातली पोरे एका घरची असत. आपल्याकडे सोळा मुले आहेत, ती चौदा घरांतून येतात. म्हणजे चौदा घरांची सर्दी, चौदा घरांचे जुलाब एका सतरंजीवर जमतात. म्हणून घरी जेवढी काळजी पुरते, तेवढी इथे पुरत नाही.

सर्वांत पहिली गोष्ट हातांची. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी बाळंतिणीला तपासण्यापूर्वी हात धुण्याचा नियम घातला, आणि बाळंतिणींचे मरण एकदम कमी झाले. एवढी साधी गोष्ट, पण त्यांच्या हयातीत पुष्कळांनी ती मानली नाही. आपण तरी मानू या. लंगोट बदलल्यावर, मुलाला शौचाला नेऊन आणल्यावर, नाक पुसल्यावर, आणि भरवायला बसण्यापूर्वी, दर वेळी साबणाने हात धुवायचे. नुसते पाण्याखाली धरायचे नाहीत. वीस अंक सावकाश मोजून होईपर्यंत चोळायचे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांतसुद्धा. मुलांचेही हात धुवायचे. पाणी पिंपातून तांब्याने घेऊन हातावर ओतावे. बादलीत सगळ्यांनी हात बुचकळले तर धुतल्याचा उपयोग काय? प्रत्येक मुलाचा पंचा, वाटी आणि चमचा वेगळा असावा. अक्षर येत नसलेल्या मुलांना ओळखू यावा म्हणून आम्ही पंच्यांवर रंगीत दोऱ्याने चित्रे काढली आहेत. कुणाचा मासा, कुणाचे फूल. दीड वर्षाचे पोरसुद्धा आपला मासा सोडून दुसऱ्याच्या पंच्याला हात लावत नाही.

लंगोट बदलण्याची जागा आणि स्वयंपाकाची जागा एक नसावी. खोली लहान असली तरी कोपरे वेगळे करता येतात.

आता खाण्यापिण्याचे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा लागत नाही, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. उन्हाळ्यात दूधच अधिक वेळा पाजावे. आई कामाला गेली तर दूध काढून, स्वच्छ उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात देऊ शकते. ते बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, आणि चैत्र-वैशाखात त्याच्याही आधी संपवावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात. मोठ्या मुलांना मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, केळे, शिजवलेले अंडे, सगळे ताजे द्यावे. सकाळचा डबा दुपारच्या उकाड्यात आंबतो. तो हुंगून पाहिल्याशिवाय मुलापुढे ठेवू नये.

जुलाबांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण यात घाई आणि अज्ञान दोन्ही जिवावर बेततात. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बंगालमध्ये आले, तेव्हा बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून तोंडाने पाजायला सुरुवात केली. शंभरांत तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती चारांच्याही आत आली. आज त्याचीच पाकिटे प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, ते सगळे एकदम कालवावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा लहान सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालावा. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त झाले तर अपाय होतो. चमच्याचमच्याने पाजावे. मुलाचे अंगावरचे पिणे आणि जेवण बंद करू नये. "पोटाला विसावा" म्हणून उपाशी ठेवण्याची आपली जुनी समजूत सोडून द्यायला हवी. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरगुती काही न करता तडक डॉक्टरकडे न्यावे.

अपघातांचे सांगताना मी नव्या बायकांना एकच करायला लावते. पहिल्या दिवशी खोलीत गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून चौफेर पाहा. उभे राहून न दिसलेली टाचणी, शेंगदाणा, नाणे, विजेचे बटण सगळे दिसते. पाण्याची बादली ही तर साधी वाटणारी मोठी धोक्याची वस्तू. रांगते मूल वाकून डोके आत घालते आणि त्याला वर निघता येत नाही; वीतभर पाणीसुद्धा पुरते. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय गत नाही, म्हणून पिंपांना घट्ट झाकणे हवीत, आणि रिकामी बादली पालथी. आठवड्यातून एक दिवस सगळी पिंपे रिती करून घासावीत, म्हणजे डेंग्यूच्या डासांची अंडीही जातात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे लहान मुलाला देऊ नयेत, घशात अडकतात. खेळण्यांतली आणि घड्याळातली चपटी गोल बॅटरी गिळली तर काही तासांतच आतली नळी जळते; त्या वेळी वाट पाहत बसू नये. भाजले तर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये; वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. रॉकेल प्याले तर उलटी काढू नये. झोपताना बाळाला उताणे निजवावे. गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा आईच्या श्रद्धेचा असतो, त्याला आम्ही हसत नाही. पण तो निजताना गळ्याभोवती नसावा, दंडाला बांधावा, असे समजावून सांगितले की आया ऐकतात. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

मूल कुणाच्या हाती द्यायचे, हेही वहीत लिहिलेले असावे. "मी त्याचा काका" म्हणून कुणी आला तरी नाव वहीत नसेल तर मूल द्यायचे नाही, मग तो रागावला तरी चालेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुख्यतः उभी राहिले, ती सांगते. आजारी मुलाचे काय करायचे? साधी सर्दी असेल, ताप नसेल, मूल खेळत असेल, तर त्याला घरी ठेवायचे कारण नाही. पण ताप, जुलाब, उलट्या, गोवर, कांजिण्या, तोंडात व हातापायांवर फोड, यांत मूल घरीच हवे. ताप औषधाशिवाय उतरून एक पूर्ण दिवस जावा. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरावी. हा नियम योग्यच आहे, कारण एकाचा ताप बाकीच्या पंधरांना लागतो.

परंतु गेल्या पावसाळ्यात काय घडले ते ऐका. एका आईने सकाळी मुलाला तापाचे औषध पाजून आणून सोडले. अकरा वाजता औषधाचा जोर उतरला आणि मूल फणफणले. निरोप गेला, ती धावत आली. चार जणी तिला बोलल्या. ती एवढेच म्हणाली, "बाई, मी गणवेश शिवते. नगावर पैसे मिळतात. खाडा झाला तर शनिवारी हातात काय येणार?" तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, आणि आम्हाला तिला देण्यासारखे उत्तर सुचले नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात हे घोळते आहे. खरे सांगितले तर मजुरी बुडते आणि लपविले तर दिवस निभावतो, अशी स्थिती असली की आया लपविणारच. मग नियम भिंतीवर राहतो आणि ताप सतरंजीवर येतो. आईला खरे बोलणे परवडले, तरच सोळाही मुले सुखरूप राहतील.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्यापैकी पुष्कळ जणी दिवसा घरी असतात. ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा गरोदर सून नाही, अशा सहा-सात जणींनी महिन्यातले दोन-दोन दिवस द्यावेत. मूल आजारी पडले की त्या दिवशीच्या पाळीच्या बाईने त्याच्या घरी जाऊन बसावे. आईने लिहून दिलेले औषध वेळेवर द्यावे, पाणी पाजावे, त्रास वाढला तर आईला कळवावे. फुकट नको वाटत असेल, तर मंडळाने आपल्या हळदीकुंकवाच्या वाणांतून थोडी रक्कम वाचवून एक लहानसा निधी काढावा. या संक्रांतीला एक-एक प्लास्टिकचा डबा कमी लुटला तरी चालेल, असे मला वाटते. आपणा सर्वांना काय वाटते ते आपण सांगावे.

आणखी एक. पाळणाघरात मदतनीस म्हणून येणाऱ्या दोघी मावशींना आपण "पोरे सांभाळणाऱ्या" म्हणतो. रांगणारी मुले सांभाळणे हे डोळ्यांत तेल घालून करायचे काम आहे. त्यांचे मानधन वेळेवर मिळावे, आणि त्या स्वतः आजारी पडल्या तर त्यांनाही रजा मिळावी. तापलेल्या अंगाने मूल कुशीत घेण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

दाराजवळच्या मेजावर एक वही ठेवली आहे. त्यात पहिले नाव माझे आहे, महिन्याचा पहिला आणि तिसरा मंगळवार. चहा झाल्यावर घरी जाण्यापूर्वी, ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव आणि वार लिहावा.