संगणकाचे जलशीतन : काटकसर कोठे करावी?

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहखर्च, उद्योगधंदा अशा विषयांवर विचार मांडले जातात. आज आम्ही निवडलेला विषय कार्यवाहांनी वाचून दाखविला, तेव्हा मागील रांगांतून थोडा हशा ऐकू आला. तो रास्तच होता. जन्मभर पाटीवर खडूने लिहिणाऱ्या शिक्षकाने संगणक पाण्याने थंड कसा करावा हे सांगावे, आणि तेही तांबटांच्या मेळाव्यात, हे कोणासही विचित्र वाटेल. परंतु या विषयाशी आपल्या धंद्याचा, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचाही, निकटचा संबंध आहे. म्हणून हे धारिष्ट करीत आहो.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू संगणकावर चलच्चित्रे तयार करण्याचे काम करतो. यंत्र रात्रभर चालवावे लागते, ते अतोनात तापते आणि त्याच्या पंख्यांच्या घरघरीने घरात कोणास झोप लागत नाही. सबब जलशीतनाची सामग्री घेण्यास त्याने आमच्याकडे ३० हजार रुपये उसने मागितले. आम्ही त्यास काटकसरीवर अर्धा तास व्याख्यान दिले आणि १२ हजार हातावर ठेवले. "यातच भागव," असे वर बजाविले. त्याने भागविले. एक स्वस्त संच घरपोच मागविला, त्यात निळे पाणी भरले आणि यंत्र सुरू केले. सात महिन्यांनी पाणी गढूळ झाले, यंत्र आपोआप बंद पडू लागले, आणि एके रात्री वरच्या रेडिएटरला सूक्ष्म छिद्र पडून पाण्याचे थेंब खालच्या ग्राफिक्स कार्डावर ठिबकले. कार्ड जळाले. हाती घेतलेले काम वेळेवर देता आले नाही आणि ते काम देणारा ग्राहकही गेला. आमच्या काटकसरीने वाचलेल्या १८ हजारांपेक्षा कितीतरी अधिक त्या एका रात्रीत बुडाले.

दुसऱ्या दिवशी दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, तो रेडिएटर हातात घेतला. दादांचे वय ७८. त्यांनी सारी हयात बंब, हंडे आणि घागरी मठारण्यात घालविली. संगणकातले त्यांस काही कळत नाही. त्यांनी तो काळा रंगविलेला रेडिएटर नुसता तोलून पाहिला आणि म्हणाले, "हे तांबं नव्हे, पितळही नव्हे. हलकं आहे. ॲल्युमिनियम आहे." मग चिपेवर बसणारा ठोकळा पाहिला. तो तांब्याचा होता. "अरे, तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात ठेवलंस, मग दुसरं काय होणार? तांब्याच्या बंबाला कधी ॲल्युमिनियमची तोटी पाहिलीस का?" नातू गप्प राहिला. खरे सांगावयाचे तर आम्हीच अधिक ओशाळलो. कारण सन १८०० मध्ये व्होल्टाने निरनिराळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्याने भिजविलेली कापडे ठेवून वीज कशी निर्माण केली, हे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकविले. लिंबात तांब्याची व जस्ताची पट्टी खोचून दाखविली. तीच गोष्ट आमच्या घरच्या यंत्रात घडत होती आणि आम्हांस ती दिसली नाही. दोन भिन्न धातू विद्युत्‌वाहक द्रवात एकत्र आले की त्यांचा विद्युत्‌घट बनतो. त्यांतील अधिक क्रियाशील धातू, येथे ॲल्युमिनियम, झिजू लागतो. त्याचा पांढरा गाळ पाण्यात मिसळतो, ठोकळ्याच्या केसासारख्या बारीक खाचांत अडकतो आणि मग पाण्याचा प्रवाहच तुंबतो.

आता या व्यवस्थेचे अंतरंग थोडक्यात सांगतो. आपणांस ते चटकन उमजेल, कारण त्याचा अर्धा भाग आपला बंबच आहे. बंबात मधल्या नळीतील विस्तवाची उष्णता तांब्यातून पाण्यात शिरते. येथे विस्तवाच्या जागी प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, असतो. त्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा घट्ट बसवितात. त्यातून वाहणारे पाणी उष्णता घेऊन निघते, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो, तेथे पंखे ती उष्णता हवेत सोडतात आणि पाणी पुन्हा ठोकळ्याकडे येते. पाणी कमी पडू नये व हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून एक लहान टाकी असते. इतकाच हा संसार. पाणीच का, तर एका घनफळाचे पाणी तेवढ्याच हवेपेक्षा तीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावून घेते. मिनिटास एक लिटर पाणी फिरत असेल, तर २८० वॉट उष्णता पोटात घेऊनही ते अवघे ४ अंशांनी तापते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी म्हटले की आपणांस माठ आठवतो. माठातले पाणी बाष्पीभवनामुळे भोवतालच्या हवेहून थंड होते. संगणकातले पाणी बंदिस्त असते, त्याचे बाष्पीभवन होत नाही. म्हणून ते खोलीतल्या हवेपेक्षा कधीही थंड होऊ शकत नाही. एप्रिलमध्ये खोलीत ३८ अंश असतील तर पाणी त्याहून काही अंश वरच राहणार. सबब खोलीत वारा खेळता ठेवणे हा बिनपैशाचा पहिला उपाय होय.

दुसरा प्रश्न असा की, ही व्यवस्था मुळात हवी काय? ६५ वॉट गटातला साधा प्रोसेसर असेल, तर दोन-तीन हजार रुपयांचा, उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्या असलेला, पंख्याचा उभा शीतक पुरेसा आहे. त्यात गळण्यासारखे काही नाही, आणि पंखा बिघडला तर थोडक्यात बदलता येतो. परंतु आय-नाइन १४९००-के सारखा प्रोसेसर भर जोरात २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. शंभर वॉटच्या अडीच दिव्यांची उष्णता टपालाच्या तिकिटाहून लहान अशा चिपेतून बाहेर पडत असते. असे यंत्र तासन्‌तास चालवावयाचे असेल, तर जलशीतनाचा विचार करावा. नुसत्या रोषणाईसाठी करू नये.

त्यातही दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कारखान्यातून बंद करून आलेला तयार संच. तो सुमारे सहा ते दहा हजारांत मिळतो आणि बहुतेकांस तोच योग्य. कोणी विचारील की, यातल्या पुष्कळ संचांत ठोकळा तांब्याचा व रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, मग ते का टिकतात? तर त्यांतील द्रवात गंज रोखणारी द्रव्ये मोजून घातलेली असतात आणि तो द्रव बंदिस्त असतो. म्हणून असा संच उघडून त्यात नळाचे पाणी घालण्याचा उद्योग कदापि करू नये. बसविताना एवढे पाहावे की पंप सर्वांत उंच जागी येणार नाही, नाहीतर हवा त्यातच साठून राहते. या संचाचा दोष असा की पंप बिघडला म्हणजे बहुधा सारा संच टाकावा लागतो.

दुसरा मार्ग सुटे भाग निवडून जोडण्याचा. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही थंड करावयाची असतील तर तो घ्यावा लागतो. याचा खर्च तयार संचाच्या तिपटी-चौपटीवर सहज जातो, आणि काटकसरीचा खरा विवेक येथेच लागतो. आम्ही अनुभवाने शिकलो ते क्रमाने सांगतो.

जेथे हात आखडू नये अशा चार गोष्टी. पहिली, धातूंचा मेळ. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेले तांबे यांचे एकमेकांशी जमते. ॲल्युमिनियम घ्यावयाचे तर सारेच ॲल्युमिनियमचे घ्यावे, मिसळू नये. निकेलचा मुलामा म्हणजे आपल्या कल्हईचा चुलतभाऊ समजा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको, त्याचप्रमाणे मुलामा उडालेला जुना ठोकळा घेऊ नये. वरच्या रंगावर विश्वासू नये. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, तेव्हा हातात तोलावे आणि नळी जोडण्याच्या भोकात डोकावून धातूचा रंग पाहावा. दुसरी, पंप. हा या देहाचे हृदय होय. तो नामांकित व हमीचा घ्यावा आणि क्षणभरही कोरडा चालवू नये, कारण आतले पाणीच त्याचे वंगण असते. तिसरी, सांधे. फिटिंगांचे आटे बहुधा पाव इंची जी मापाचे असतात. प्रत्येक भागाला दोन याप्रमाणे आठ-दहा फिटिंगे सहज लागतात, आणि नवखा मनुष्य अंदाजपत्रकात नेमका हाच खर्च विसरतो. चौथी, द्रव. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यांचे कीट बसते. ऊर्ध्वपातित पाणी व त्यात गंज आणि शेवाळ रोखणारे द्रव्य, किंवा या कामाचा तयार स्वच्छ द्रव, एवढेच वापरावे. दाट रंगीत द्रव दिसावयास मोहक, परंतु त्यातील रंगकण खाचांत बसतात.

आता जेथे खुशाल काटकसर करावी त्या गोष्टी. काचेसारख्या ताठ नळ्यांऐवजी मऊ नळी घ्यावी. ती स्वस्त असते, वाकविण्यास तापवावी लागत नाही आणि चुकली तर कापून पुन्हा जोडता येते. दातेरी फिटिंग व वर कसण्याची पट्टी ही जोडी महागड्या चकचकीत फिटिंगाइतकेच पाणी धरते. रंगीत दिवे वर्ज्य करावेत. पंप व टाकी एकत्र असलेला भाग घेतला म्हणजे दोन फिटिंगे व एक सांधा वाचतो. भाग कोणत्या क्रमाने जोडावेत याविषयी फार चिंता नको. पाणी एका फेऱ्यात दोन-चार अंशच तापत असल्याने जो क्रम सर्वांत कमी नळीत बसेल तो चांगला, फक्त टाकी पंपाच्या वर किंवा अगोदर असावी. रेडिएटरचा आडाखा असा की १२० मि.मी. पंख्याच्या एका जागेमागे साधारण १०० वॉट धरावे. पेटीत तो मावतो की नाही हे विकत घेण्यापूर्वी पट्टीने मोजावे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर आतून नीट धुऊन घेतल्यास वर्षानुवर्षे चालतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोसेसरवरचा ठोकळा पुढच्या यंत्रालाही बहुधा कामी येतो, परंतु ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा त्या विशिष्ट कार्डापुरताच असतो. कार्ड बदलले की तो पैसा गेला. म्हणून पैसे थोडे असतील तर कार्डास त्याच्या मूळच्या पंख्यांवरच राहू द्यावे.

शेवटी परीक्षा. सारे जोडल्यावर पंपाखेरीज कशासही वीज न देता, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिपकागद ठेवून चोवीस तास पाणी फिरवावे. घागर गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी आपले वडील ती पाण्याने भरून ठेवीत. ती रीत येथेही सोडू नये.

नातवाचे यंत्र पुन्हा उभे राहिले त्यास आता दीड वर्ष झाले. रोखून धरलेले १८ हजार आम्ही निवृत्तिवेतनातून त्यास दिले, उसने म्हणून नव्हे. एकेक भाग आला की तो प्रथम दादांच्या हाती जाई. ते तोलून पाहत, आटे बोटाने चाचपत आणि मान डोलावीत. गेलेला ग्राहक मात्र परत आला नाही. ते आम्हांस अजून सलते.

बंधुभगिनींनो, पुण्यातच सन १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडला, आणि २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत बसविलेला परम ब्रह्म हा महासंगणक द्रवशीतनावर चालतो. कसबा पेठेतील तांबट आळीपासून या संस्था काही फार दूर नाहीत. आपली मुले हातोडा टाकून संगणकाकडे गेली म्हणून आपण हळहळतो, आणि मुलांस वाटते की आजोबांच्या विद्येचा आता उपयोग नाही. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. धातू तोच आहे, पाणी तेच आहे आणि उष्णताही तीच आहे.

तेव्हा आमची दोन मागणी आहेत. तरुणांनी असली खरेदी करण्यापूर्वी घरातल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या हाती वस्तू द्यावी. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनी पैसे देताना व्याख्यान थोडे आखडते घेऊन, पैसा कोठे वाचवावयाचा आणि कोठे नाही, हे मुलाजवळ बसून अगोदर समजून घ्यावे. ज्या सांध्यातून घर गळते तेथे वाचविलेला पैसा वाचत नाही.