पित्तनलिका कोणी उघडायची?



  परिषदेच्या अध्यक्षानं आपल्या विषयाचा आढावा घ्यायचा, ही प्रथा. तो घेतो.

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिलं पित्ताशय काढलं. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे तयार करते, हे त्यांनी ओळखलं होतं. १९८५ मध्ये एरिश म्यूहे यांनी तेच काम दुर्बिणीतून केलं; जर्मनीतल्या सर्जनांनी त्यांना आधी झिडकारलं आणि काही वर्षांनी गौरवलं. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया आपल्या देशात आणली. पुढचं सगळं आपण जगलोच आहोत. आढावा इथेच थांबवतो, कारण मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट बोलायची आहे आणि हे व्यासपीठ पुन्हा मिळायचं नाही.

मुख्य पित्तनलिकेतला खडा आपण सर्जनांनी वाऱ्यावर सोडला आहे.

पित्ताशयात खडे असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या नलिकेतही खडा सापडतो. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये एंडोस्कोपमधून नलिकेच्या तोंडाचा स्नायू कापून खडा काढायची पद्धत निघाली. उत्तम पद्धत. हृदयविकाराचे, दम्याचे, थकलेले कितीतरी रुग्ण तिच्यामुळे वाचले. माझं भांडण या पद्धतीशी, म्हणजे ईआरसीपीशी, नाहीच. सोनोग्राफीत नलिका रुंद दिसली की केसपेपरवर ‘ईआरसीपीसाठी रेफर’ लिहून मोकळं व्हायचं, या सवयीशी आहे.

कालच्या सत्रात वाद रंगला. नलिका मोकळी करून पित्ताशयही एकाच बैठकीत काढायचं, की आधी ईआरसीपी आणि मग पित्ताशय? दोन्हीकडून शोधनिबंध निघाले. मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केली, म्हणून मला एक ऊसतोड मजूर बाई आठवते. कावीळ, हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली कळ. शार्कोनं सांगितलेली तिन्ही लक्षणं हजर, वर रक्तदाब उतरू लागलेला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात फोन केला. उत्तर आलं, ‘यादी भरलीय, सोमवारी पाठवा.’ त्या दिवशी शुक्रवार होता. रात्रीच पोट उघडलं. नलिकेवर दोन टाके धरले, मधोमध उभा छेद दिला. आधी दाबाखालचा पू उसळून आला, मागोमाग खडे. टी-ट्यूब ठेवली. तिची प्रकृती साथ देत होती, म्हणून पित्ताशयही तेव्हाच काढलं. पुढे ट्यूबमधून औषध सोडून एक्स-रे काढला, नलिका मोकळी दिसली, मगच ट्यूब काढली. टोळी तोवर पुढच्या फडावर गेली होती. नवरा एकटा मागे थांबलेला, डोक्यावर मुकादमाची उचल. अशा रुग्णाला पित्ताशयासाठी ‘सहा आठवड्यांनी पुन्हा या’ म्हणून सांगायचं? तो येत नाही. आलाच तर स्वादुपिंडाला सूज घेऊन येतो. माझ्यापुरता तो वाद त्या रात्री मिटला.

नलिका दुर्बिणीतूनही उघडता येते. आपल्यातले काही जण ते सुंदर करतात, आणि त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. पण त्याला कोलेडोकोस्कोप लागतो, आत टाके घालायचा सराव लागतो. तालुक्यात ते दोन्ही येईपर्यंत काय करायचं? पोटच उघडावं लागणार, पण ते येतं कुणाला?

एम.एस. झालेली मुलं माझ्याकडे येतात. दुर्बिणीवर त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार चालतो. विचारतो, टी-ट्यूब घातलीस का कधी? नाही सर, परीक्षेत उपकरणांच्या टेबलावर पाहिलीय. हे ऐकून माझ्या पोटात कालवतं. कॅलोच्या त्रिकोणात सगळं चिकटून बसलेलं असताना हीच मुलं तासन्तास रेटत राहतात, कारण ‘कन्व्हर्ट केलं’ म्हणजे नामुष्की, असं आपणच त्यांना शिकवलंय. पित्ताशयाची वाहिनी समजून मुख्य नलिका कापली जाते, ती अशाच वेळी. पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्वच्छ दिसेपर्यंत काही कापू नका, असं स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलं. नाहीच दिसल्या तर अर्धवट पित्ताशय काढून बाहेर या, नाहीतर पोट उघडा. पण उघडल्यावर बोटांना यकृताखालची वाट माहीत हवी ना! ती पडद्यावर पाहून कळत नाही. आम्हाला ती आमच्या सरांनी हात धरून दाखवली. ते सर आता नाहीत, आणि आमची पिढीही निवृत्तीला आली.

म्हणून या वर्षी आपल्या संघटनेनं जिल्ह्याजिल्ह्यांत प्रत्यक्ष शिकवणारी शिबिरं घ्यावीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लॉगबुकात नलिका उघडल्याची नोंद सक्तीची व्हावी, यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रस्ताव न्यावा. खर्च, वेळापत्रक, शिकवणाऱ्यांची निवड हे कार्यकारिणीनं ठरवावं. ज्यांनी स्वतः नलिका उघडल्या आहेत आणि ज्यांची शिकवायची तयारी आहे, त्यांनी आज चहाच्या सुट्टीत सचिवांकडे आपलं नाव नोंदवावं. यादीत पहिलं नाव मी माझं लिहून आलो आहे.